बर्फाळ समुद्रातल्या बोयात पुन्हा पुन्हा पाणी सापडतंय? ओ-रिंग बदलण्याआधी हे तपासा

बोया म्हणजे समुद्रात तरंगत मोजमापं उपग्रहामार्फत पाठवणारं यंत्र. त्याच्याबद्दलची तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्याची असते. बोया इथे जळगावात टेबलावर नीट चालतो. जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या पाण्यात सोडला तरी कुरकुर करत नाही. बर्फाळ समुद्रात गेला की पहिले काही आठवडे बरे जातात, मग संदेश तुटक यायला लागतात आणि एक दिवस बोया गप्प होतो. नशिबाने परत मिळाला आणि उघडला, तर झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर आणि तळाशी चमचाभर पाणी. मग कोणीतरी म्हणतं, "भाऊ, रबर बदलून टाका, झालं." झाकणाखालचं गोल रबर, म्हणजे ओ-रिंग, बदललं जातं, ग्रीस दुप्पट लावलं जातं, बोल्ट आणखी आवळले जातात. पुढच्या मोसमात पुन्हा तेच चमचाभर पाणी.

जळगावात पाइप आणि टाक्यांच्या धंद्यामुळे पॉलीथिनचं काम जाणणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. टाक्या ज्या रोटोमोल्डिंगने (फिरत्या, तापलेल्या साच्यात प्लॅस्टिकची भुकटी वितळवून) होतात त्याच पद्धतीने बोयाचं कवच इथे उत्तम बनतं. पॉलीथिन शून्याखाली बरंच उतरलं तरी चिवट राहतं. पीव्हीसी मात्र कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं आणि एका ठोक्यात तडकतं, त्यामुळे पाइपाचे उरलेले तुकडे या कामाला वापरू नका. म्हणजे कवचाची बाजू आपल्याकडे भक्कम आहे. घोळ होतो तो आतल्या डब्यात, आणि मी उघडून पाहिलेल्या बोयांवरून माझं ठाम मत झालंय की त्या चमचाभर पाण्यातलं बरंचसं पाणी समुद्राचं नसतंच. ते आपण इथूनच, हवेतून, आत बंद करून पाठवलेलं असतं.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी पाणी कुठलं ते ठरवा.

पाणी गोडं की खारं

चाखून बघू नका. आत लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल असतील आणि एखादा फुटला असेल, तर ते पाणी आम्लासारखं भाजतं. उघडताना झोंबणारा वास आला तर डबा तसाच मोकळ्या हवेत ठेवून बाजूला व्हा.

वास नसेल तर सिरिंजने १ मिली पाणी उचला. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर ९९ मिली घ्या आणि घरात आरओसाठी असतो तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आधी त्यात बुडवून आकडा लिहून ठेवा. मग ते १ मिली त्यात मिसळा आणि पुन्हा मोजा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून शंभरपट पातळ केल्यावरही मीटर साधारण साडेतीनशेच्या आसपास चढतो. हवेतल्या बाष्पाचं पाणी असेल तर काटा जागचा फारसा हलत नाही. पाणी थेट मीटरखाली धरू नका. खारं असेल तर घरगुती मीटरची मर्यादाच ओलांडली जाते आणि त्यातून काही कळत नाही.

एक सावधगिरी. उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाशेजारी समुद्राच्या वरच्या थरात गोड्या पाण्याचं प्रमाण खूप वाढतं. बोया त्या काळात अशा पाण्यात होता असं त्याच्या नोंदीवरून दिसत असेल, तर कमी आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. अशा वेळी गळतीचा माग पाहा. गळती झाली असेल तर ओ-रिंगच्या खोबणीपासून खाली उतरलेली एखादी रेघ दिसते. बाष्पाचं पाणी कुठल्या एका जागेवरून येत नाही. ते झाकणभर पसरलेलं असतं.

पाणी गोडं निघालं तर

आता हिशेब बघू. जुलैत जळगावची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता अशी असते तेव्हा एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी बाष्पाच्या रूपात असतं. शून्य अंशाला हवा पाच ग्रॅमही धरू शकत नाही, आणि उणे २० ला १ ग्रॅमच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक्सचा डबा ४० लिटरचा असेल तर नुसत्या हवेबरोबर जवळपास १ ग्रॅम पाणी आत गेलं. सर्किट वेगळ्या डब्यात न ठेवता २०० लिटरच्या कवचातच मोकळं बसवलं असेल तर साडेचार ग्रॅम. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून जो घाम फुटतो, तोच इथे डब्याला आतून फुटतो.

१ ग्रॅम म्हणजे पंधरा-वीस थेंब. बारीक पायांच्या चिपांवर त्यातले दोन पडले तरी काम तमाम होतं.

हवेखेरीज आणखी पाणी लपून आत जातं आणि त्याकडे कुणी बघत नाही. नायलॉनचे स्पेसर दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या कित्येक टक्के पाणी पितात. बॅटरीभोवती गुंडाळलेला पुठ्ठा, कागदी लेबलं, कापडी पट्ट्या, उघड्या पेशींचा फोम, सगळे तसेच. डबा बंद करताना आतली हवा कोरडी असली तरी हे सामान पुढचे अनेक दिवस पाणी सोडत राहतं. नायलॉनच्या जागी असिटल नावाचं प्लॅस्टिक वापरा. पुठ्ठा काढून टाका. कवचात भरायचा फोम बंद पेशींचा घ्या. असा फोम कवच फुटलं तरी बोयाला तरंगता ठेवतो, म्हणून तो हवाच.

हे पाणी डब्यात कसं फिरतं ते समजलं की बोया नेमका केव्हा गप्प होतो तेही कळतं. बोयाचा खालचा भाग समुद्राच्या पाण्यात असतो, आणि खारं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं, त्यामुळे तिथे तापमान त्याखाली फारसं जात नाही. वरचं झाकण मात्र उणे २५-३० च्या वाऱ्यात उघडं. बाष्प नेहमी सर्वात थंड जागेकडे सरकतं. हिवाळाभर आतला सगळा ओलावा झाकणाच्या आतल्या पृष्ठभागावर हिम होऊन साचतो, आणि तिथेच अँटेनाचा कनेक्टर असतो. तोपर्यंत काही बिघडत नाही, कारण गोठलेलं पाणी वाहत नाही. ध्रुवीय रात्र संपून ऊन झाकणावर पडायला लागलं की हिम वितळतं आणि थेंब खालच्या बोर्डवर पडतात. म्हणून पुष्कळदा बोया कडाक्याच्या थंडीत तगतो आणि वसंतात बंद पडतो. तुमच्या बोयाचे शेवटचे संदेश दुपारी तुटत असतील तर हेच कारण आधी धरा.

कोरडं कसं करायचं

आपल्याकडे एक पद्धत रूढ आहे, एसी लावलेल्या खोलीत डबा बंद करायचा. याने बरं होतं, पण पुरेसं होत नाही. २४ अंश आणि ५० टक्क्यांच्या खोलीतही घनमीटरला ११ ग्रॅम पाणी असतंच. गंमत अशी की वैशाखातल्या रणरणत्या दुपारी, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, उघड्या शेडमधल्या हवेतही तेवढंच पाणी असतं. म्हणजे खानदेशातला उन्हाळा एसीइतका कोरडा असतो. पण त्या उन्हात डबा बंद करण्यात दुसरी अडचण आहे, ती पुढे सांगतो.

खरा उपाय कोरड्या नायट्रोजनचा, आणि तो शोधायला मुंबई-पुण्याला जायला नको. एसी आणि फ्रिजची कामं करणारे मेकॅनिक गळती तपासायला हाच वायू वापरतात. त्यांच्याकडून सिलिंडर आणि रेग्युलेटर मिळतो. डब्याला दोन तोंडं हवीत, एक तळाजवळ आणि एक वर. खालून हळू सोडा, वरून हवा बाहेर जाऊ द्या. डब्याच्या आकारमानाच्या पाचपट वायू वाहून गेला की जुन्या हवेतला एखादा टक्काच उरतो. दाब अगदी कमी ठेवा, ०.२ बारच्या वर जाऊ नका. ३० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट झाकणावर तेवढ्या दाबानेही दीडशे किलोच्या आसपास भार पडतो. खोलीची खिडकी उघडी ठेवा. नायट्रोजनला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो.

एकदा भरून लगेच सील करू नका. एक दिवस तसाच राहू द्या, म्हणजे आतल्या सामानात मुरलेला ओलावा बाहेर येईल, मग पुन्हा वायू फिरवा. दुसऱ्या फेरीला खरं महत्त्व आहे आणि घाईत तीच गाळली जाते.

सिलिका जेलबद्दल एवढंच सांगतो की पुडी उघडून तासभर टेबलावर पडली असेल तर ती भरलेली पुडी आहे. केशरीचे हिरवे होणारे दाणे घ्या, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून हवाबंद बरणीत ठेवा आणि डबा बंद करताना सर्वात शेवटी आत टाका. ४० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम मी कमीत कमी मानतो. नुसत्या हवेच्या हिशेबाने हे जास्त वाटेल, पण पुठ्ठा आणि नायलॉनचा हिशेब कुणीच अचूक करू शकत नाही.

पाणी खारं निघालं तर

मग गळती आहे. आणि हतनूरच्या पाण्यात ती का दिसली नाही, याचं उत्तर डब्यातल्या दाबात आहे.

डबा जळगावात ३२ अंशांवर बंद केला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच, पावसाळ्यात हवेचा दाब इथे ९८० हेक्टोपास्कलच्या आसपास. हाच डबा उणे २ ला गेला की आतला वायू आकसतो. केल्विनमध्ये (म्हणजे अंश सेल्सिअस अधिक २७३) ३०५ वरून २७१. दाब त्याच प्रमाणात उतरून ८७१ होतो. बाहेर समुद्रावर १०१३. फरक १४२ हेक्टोपास्कल, म्हणजे जवळजवळ १.४ मीटर पाण्याच्या उंचीइतका. बोया पृष्ठभागावर तरंगत असला तरी त्याचं सील सतत दीड मीटर खोल बुडवल्यासारखा भार सोसतं, आणि तोही आतल्या बाजूला ओढणारा. धरणाच्या कोमट पाण्यात हा ओढा जवळपास नसतोच. वैशाखात ४२ अंशांना बंद केलेल्या डब्यात तो आणखी वाढतो, हीच ती मघाची अडचण. म्हणून दुपारचं ऊन टाळून पहाटे, डबा आणि आतलं सामान थंड असताना सील करा, आणि नायट्रोजन भरताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा.

आता गळतीच्या जागा. माझ्या मते यात पहिला नंबर ओ-रिंगचा नसून झाकण आणि कवच यांच्या वेगवेगळ्या आकसण्याचा आहे. पॉलीथिन दर मीटरला दर अंशाला साधारण ०.१५ मिलिमीटर आकसतं, स्टेनलेस स्टील ०.०१६. ३० सेंटिमीटर व्यासाची स्टेनलेसची रिंग पॉलीथिनच्या कवचावर बोल्टने बसवली आणि तापमान ५० अंशांनी उतरलं, तर प्लॅस्टिक सव्वादोन मिलिमीटर आकसतं आणि स्टील पाव मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा हा फरक बोल्ट आणि त्यांची भोकं झेलतात. झाकण किंचित वाकतं, ओ-रिंग एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला सैल पडते. बोल्ट जास्त आवळले की ते आणखी बिघडतं, कारण ताणाखाली पॉलीथिन हळूहळू सरकत राहतं. इथे रबर कितीही भारी आणा, उपयोग नाही.

यावर एकच पक्का उपाय मला पटला आहे. सीलचं काम कवचाकडून काढून घ्या. इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळं धातूचं नळकांडं करा, त्याचं अंग आणि झाकण एकाच धातूचं ठेवा, आणि ते फोमने भरलेल्या पॉलीथिनच्या कवचात ढिल्या बैठकीवर बसवा. कवचाने फक्त तरंगायचं आणि ठोकर खायची. त्यात पाणी शिरलं तरी चालेल अशीच रचना हवी. खर्च वाढतो हे खरं, पण एक बोया हरवण्याच्या तुलनेत तो काहीच नाही.

त्यानंतर ओ-रिंग. खरेदी करताना विटॉन हे रबर म्हणजे सर्वात भारी म्हणून तेच घेतलं जातं. तेल आणि उष्णतेसाठी ते भारी आहे. थंडीत साधं विटॉन उणे १५-२० च्या आसपासच कडक होतं. नायट्राइल त्याहून खाली, साधारण उणे ३० पर्यंत चालतं, आणि सिलिकॉन उणे ५० च्याही खाली लवचीक राहतं. पाण्याखालच्या सीलला उणे २ च सोसायचं असतं, तिथे नायट्राइल पुरेसं आहे. वाऱ्यात उघड्या झाकणाला सिलिकॉन लागतं. एकाच बोयात दोन जागी दोन प्रकारची रिंग वापरायला लाजू नका, फक्त पाकिटावर नाव लिहून ठेवा, कारण काळी रिंग काळ्या रिंगसारखीच दिसते. शंका असेल तर रिंग आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा, बाहेर काढल्या काढल्या वाकवून सोडा. लगेच सरळ झाली तर ठीक. वाकलेलीच राहिली तर तिला घरी ठेवा.

केबलची गळती तर फसवी असते. ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथलं आवळायचं बूच) घट्ट, रबर ठीक, तरी आत खारं पाणी. ते ग्लँडवरून येतच नाही. केबलचं बाहेरचं आवरण दूर कुठेतरी बर्फाच्या कडेने चिरलेलं असतं, पाणी त्या चिरेतून आत शिरून तारांच्या बारीक धाग्यांमधून सरपटत डब्यात पोचतं. तपासायचं कसं? केबलचं एक टोक सायकलच्या पंपाला नळीने जोडा, दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि हळू दाब द्या. पेल्यात बुडबुडे आले म्हणजे ती केबल आतून नळी आहे, आणि पाण्यालाही तोच रस्ता मोकळा आहे. उपाय म्हणजे डब्यात शिरण्याआधी एका जागी प्रत्येक तार सोलायची, धागे डाखाने पूर्ण भरून एकसंध करायचे आणि तो तुकडा एपॉक्सीत ओतून टाकायचा. आवरण पीव्हीसीचं नको. पॉलीयुरेथेनचं घ्या, थंडीत पीव्हीसी कडक होऊन वळणावर तडकतं.

ग्लँडच्या आट्यांत आणि झाकणाच्या कडेला जी बारीक पोकळी उरते तीही सोडू नका. तिथे थेंबभर पाणी बसलं की गोठताना ते ९ टक्के फुगतं, वितळतं, पुन्हा भरतं, पुन्हा फुगतं. प्रत्येक फेरीला फट केसभर रुंद होते. ती पोकळी सिलिकॉन ग्रीसने पूर्ण भरून टाका, म्हणजे पाण्याला बसायला जागाच उरणार नाही.

काही जण दाब समान राहावा म्हणून पडद्याचा व्हेंट, म्हणजे हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं छिद्र, बसवतात. रस्त्यावरच्या दिव्याच्या डब्याला तो चांगला. बोयाला नको. त्यावर बर्फ बसतो, आणि लाटेखाली गेला की त्या पडद्याचा भरवसा राहत नाही.

गळती पाण्यात सोडण्याआधी पकडणं

डब्यात दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा सेन्सर ठेवा. बीएमई२८० सारखा सेन्सर स्वस्त आहे आणि उणे ४० पर्यंत चालतो. त्याचे तिन्ही आकडे प्रत्येक संदेशात पाठवा. बॅटरी वाचवायला हे आकडे कापले जातात, पण बिघाडाचं निदान त्यांच्यावरच अवलंबून आहे.

नुसती आर्द्रतेची टक्केवारी पाहून घाबरू नका. तापमान उतरलं की ती वाढणारच. दाबाला केल्विन तापमानाने भागा आणि तो भागाकार पाहा. वर दिलेल्या उदाहरणात ९८० ला ३०५ ने भागलं तर ३.२१, आणि ८७१ ला २७१ ने भागलं तरी ३.२१. डबा हवाबंद असेल तर हा आकडा ऋतू कुठलाही असो, जागेवर राहतो. उणे २ ला दाब ९३० दिसला तर भागाकार ३.४३ होतो, म्हणजे बाहेरचं काहीतरी आत आलं.

इथे एक बारकावा आहे. तो भागाकार खालीही जाऊ शकतो. डबा ३२ अंशांच्या आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत बंद केला असेल तर त्या ९८० पैकी सुमारे ३५ हेक्टोपास्कल नुसत्या बाष्पाचे असतात. थंडीत बाष्पाचं पाणी झालं की तो हिस्सा जवळपास नाहीसा होतो आणि दाब ८७१ ऐवजी ८४५ च्या घरात येतो. भागाकार ३.२१ वरून ३.१२. म्हणून आकडा वर चढला तर गळती, थोडा उतरून थांबला तर आतलाच ओलावा. बोया न उघडता, हजारो किलोमीटरवरून, पाणी गोडं की खारं हे कळतं.

आतला दाब बाहेरच्या दाबाच्याही वर जात असेल तर मात्र बॅटरीचा संशय घ्या. शिशाच्या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात, अल्कलाइन सेलसुद्धा सोडतात, विशेषतः मालिकेतला एखादा सेल संपून उलटा भरायला लागला की. बंद डब्यात साठलेला हायड्रोजन ठिणगीने पेटतो. असा डबा उघडताना चेहरा त्याच्यावर धरू नका, आधी वायू भरायच्या तोंडाचा स्क्रू सैल करून दाब जाऊ द्या.

चाचणीसाठी खानदेशात थंड समुद्र कुठून आणायचा, असं विचारलं जातं. बर्फाच्या कारखान्यात जा. लाद्या पाडायच्या तिथे मिठाच्या पाण्याचा मोठा हौद असतो, अमोनियाच्या नळ्या त्याला उणे ८-१० वर ठेवतात आणि पत्र्याचे डबे त्यात बुडवलेले असतात. म्हणजे खारं, वाहतं आणि शून्याखालचं पाणी, आपल्याला हवं तसं. केळीच्या शीतगृहाचा इथे उपयोग नाही, ती १३-१४ अंशांवर चालतात. उन्हाळ्यात मालकाला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून पावसाळ्यात किंवा थंडीत विचारा. कारखान्याच्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय हौदाजवळ जाऊ नका. अमोनियाची गळती हा तिथला खरा धोका आहे.

नळकांडं रात्रभर हौदात टांगून ठेवा आणि भागाकाराची नोंद घ्या. सकाळी बाहेर काढून उन्हात तापू द्या, संध्याकाळी पुन्हा बुडवा. या उलटसुलट फेऱ्यांत जे सील टिकतं त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. धीर असेल तर आणखी कडक परीक्षा आहे. बोयाचं छोटं नमुना-कवच लादीच्या डब्यात पाण्यासकट ठेवून गोठवा. लादी कडेकडून आत गोठत येते, मधल्या वस्तूला आवळते, आणि झाकणाची जागा किती लंबगोल होते ते मोजपट्टीने कळतं.

सरळ उभ्या भिंतींचं कवच या परीक्षेत हमखास मार खातं. खाली निमुळता होत गेलेला आकार घ्या. बर्फाने दोन्हीकडून आवळलं की तो चिरडण्याऐवजी वर सरकतो. नान्सेनचं 'फ्राम' जहाज १८९३ ते १८९६ या काळात आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत गेलं आणि शाबूत परतलं, ते गोलाकार तळामुळेच. झाकण आणि ग्लँड पाण्याच्या रेषेवर कधीच ठेवू नका, आवळण्याचा सगळा जोर तिथेच येतो.

पाणी नाही, तरी बोया गप्प

डबा कोरडा खणखणीत आणि तरी संदेश नाहीत, तर तीन गोष्टी पटकन पाहा. लिथियम थायोनिल क्लोराइडच्या सेलवर पडून पडून आत एक पापुद्रा धरतो, आणि मोडेमने एकदम प्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. सेलच्या जोडीला मोठा कपॅसिटर द्या. दुसरं, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी सौर पॅनेलवर असेल तर शून्याखाली चार्जिंग बंद करणारं सर्किट हवंच, नाहीतर ती कायमची खराब होते. तिसरं, अँटेनावर बर्फाचं कवच चढून बोया एका अंगाला कलंडला असेल. अँटेना बाहेर काठीसारखी उभी न ठेवता गुळगुळीत घुमटाखाली घ्या आणि वजन शक्य तितकं खाली न्या. उपग्रह ध्रुवांवरून जाणारे हवेत, जसे इरिडियमचे. विषुववृत्तावर स्थिर दिसणारे उपग्रह ८१ अक्षांशाच्या पलीकडे क्षितिजाखाली जातात.

रवाना करताना

सील केल्या दिवशीचा भागाकार, तारीख आणि ओ-रिंगचा प्रकार झाकणावर कोरून लिहा. मार्करने नको, तो पुसतो. बोया ट्रकमध्ये मेच्या उन्हात तापतो, विमानात गेला तर बाहेरचा दाब कमी झाल्याने झाकण आतून फुगतं, आणि या ओढाताणीत रिंग खोबणीतून उचकटू शकते. म्हणून पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी जहाजावर बोया चालू करा, एक संदेश घ्या आणि भागाकार झाकणावरच्या आकड्याशी ताडून पाहा. तो ०.०३ पेक्षा जास्त हलला असेल तर बोया खाली सोडू नका. झाकण उघडा, रिंग बदला, ताजं भाजलेलं सिलिका जेल टाका आणि जहाजाच्या सर्वात थंड, कोरड्या खोलीत पुन्हा बंद करा. तिथल्या हवेत मुळातच बाष्प कमी असतं आणि तापमान समुद्राच्या जवळचं असतं, त्यामुळे तिथे बंद केलेला डबा आत ओढायलाही फारसा बघत नाही. नवीन आकडा जुन्याच्या खाली कोरा.